काळ्या रुमालाचा सवाल

आमच्या घरात सरळ उत्तर मिळत नसे. “रॉकेल का नाही आणलंत?” असं मी विचारलं की हे दारात चप्पल काढता काढताच ताल धरायचे आणि रॉकेलच्या रांगेवर दोन ओळी जुळवून मोकळे व्हायचे. चाळीतल्या बायका हसायच्या. मला हसू येत नसे, कारण स्टोव्ह रिकामाच राहायचा. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा पहिले काही महिने मलाही याचं कौतुक वाटलं, नंतर मात्र डोक्यात तिडीक जायला लागली. रागावले की मी त्यांना ‘शाहीर’ म्हणायचे. त्यांना त्याचा राग यायच्याऐवजी आनंदच व्हायचा, म्हणजे माझा रागही फुकट जायचा.

ते शाहीर होतेच, खरेखुरे. आमची गावं संगमेश्वराकडची. तिकडची माणसं पोटासाठी मुंबईत आली, मुंबई परवडेना तेव्हा भाईंदर पूर्वेला खारी गावामागच्या चाळींत येऊन राहिली, पण जाखडी त्यांनी सोडली नाही. एका पायात घुंगरू बांधून गोलात नाचणारे, मध्ये ढोलकी आणि शाहीर. जाखडीला दोन बाजू असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. गण-गवळण झाली की एका बाजूने गाण्यात सवाल टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे, त्याच चालीत, जवाब द्यायचा. आमच्या मंडळाचे नियम कडक होते. सवाल आधी कुणाला कळता कामा नये. आलेला सवाल टाळता येत नाही. जवाब सुचला नाही तर हरलेल्या बाजूने भर सभेत खाली बसून पायातले घुंगरू सोडायचे. जिंकलेल्या शाहिराला पुढच्या वर्षीचा पहिला सवाल टाकायचा मान. आमचे हे शक्तीचे शाहीर होते, आणि एकदा शक्तीचा फेटा बांधला की माणूस मरेपर्यंत शक्तीचाच असतो. त्यांच्या माणसांवर घुंगरू सोडायची वेळ मी तरी कधी पाहिली नव्हती.

पोट मात्र गाण्यावर चालत नव्हतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते, छोटे, पत्र्याचे, एकाला एक लागून. त्यातल्या एका गाळ्यात हे पॉलिशच्या मोटारीवर उभे राहायचे. मोटारीवर फिरणाऱ्या चाकाला ताट लावायचं, दाबून धरायचं, आरशासारखं चकचकीत झालं की पुढचं ताट. चाकातून काळी धूळ उडते. नाकातोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्या धुळीत उभं राहायचं. सकाळी मी धुतलेला पांढरा रुमाल द्यायचे, संध्याकाळी तो काळा होऊन यायचा. चाळीतल्या बहुतेक घरांत हेच होतं. नळाला पाणी आलं की आधी बायकांचं रुमाल घासणं चाले, मग बाकीचे कपडे.

शेजारच्या खोलीतल्या वहिनींचा नवरा ह्यांच्या बाजूच्याच मोटारीवर होता. त्याला खोकला लागला, मग दम लागायला लागला, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, संपल्या, पुन्हा सुरू झाल्या. शेवटी त्याला बसल्या जागी श्वास पुरेना. तो गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी बिडीला नावं ठेवली. तो बिडी ओढत नव्हता, हे वहिनींनी सांगितलं तरी कुणी ऐकलं नाही.

मी ऐकलं, कारण तोवर आमच्याही घरात तो खोकला आला होता. मी बालवाडीत शिकवायचे, बारावीपर्यंत शिकलेली, आणि स्वभावाने भांडकुदळ. ह्यांना ओढत मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला जवळ बोलावून दाखवला. म्हणाल्या, “ही कामाची धूळ आहे. बसलेली आता निघणार नाही. आणखी बसू नये एवढंच आपल्या हातात आहे.” काम सोडा, नाहीतर मोटारीमागे धूळ ओढून घेणारे पंखे बसवून घ्या, असं त्यांनी सांगितलं. हे बाहेर येऊन म्हणाले, “त्यांना काय माहीत, ही शाहिराची छाती हाय.” मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले.

काम सोडायला ते तयार नव्हते, दुसरं काही येत नाही म्हणायचे. पंख्याचं एकाने शेठजवळ काढलं होतं. शेठ म्हणाला, “जिसको पंखा चाहिए वो घर बैठे, उधर हवा अच्छी है.” तो माणूस खरंच घरी बसला. एकेकट्याने विचारून काही होणार नव्हतं. सगळ्यांनी मिळून विचारायला हवं होतं, आणि सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघायचे, कारण शाहीर हे होते. शाहीर खोकत खोकत ‘काही झालेलं नाही’ म्हणायचे. मला त्या काळात दुसरं काही नको होतं. गाडी, घर, सोनं, काही नको. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सरळ तोंड उघडावं, आणि छातीत जागा आहे तोवर उघडावं.

त्याच सुमाराला आमच्याकडे ताई आल्या. नाटकवाल्या. मुंबईत नाटक शिकलेल्या आणि घरभाडं झेपेना म्हणून मीरा रोडला फ्लॅट घेऊन राहिलेल्या. दोन-तीन जोडीदार बरोबर घेऊन त्या वस्त्यांमध्ये नाटकं करायच्या. आमच्या बालवाडीत हात धुण्यावर काहीतरी करायला म्हणून त्या आल्या. मी म्हटलं, “आमची पोरं हात धुतात हो ताई. त्यांच्या बापांची छाती धुवायचं काही नाटक असेल तर करा.” मला वाटलं बाई चिडेल. त्या तिथेच पोरांच्या सतरंजीवर बसल्या आणि सगळं विचारून घेतलं.

पहिलं पथनाट्य त्यांनी गाळ्यांच्या गल्लीत केलं, चहाच्या वेळी. एक नट तोंडाला काजळी फासून खोकत खोकत मरत होता. कामगार चहाचे ग्लास हातात धरून बघत होते. नट मेला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने “अजून एकदा मर की रे!” अशी फर्माईश केली, मग आतून हाक आली आणि सगळे पुन्हा मोटारीवर गेले. ताई आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी चहा दिला. त्या म्हणाल्या, “वहिनी, आम्ही त्यांना त्यांचंच मरण करून दाखवतोय. ते कोण कशाला बघेल?”

दुसरी एखादी असती तर तिथून पुढे आमच्याकडे फिरकली नसती. ताई जाखडीच्या तालमीला येऊन बसायला लागल्या. कोपऱ्यात, गुडघ्याभोवती हात घालून. सवाल-जवाब ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. मला बाहेर ओढून त्यांनी विचारलं, “सवाल आला की उत्तर द्यावंच लागतं?”

“द्यावंच लागतं. नाहीतर घुंगरू सोडायचे.”

“मग बायकांनी सवाल टाकला तर?”

आमच्या मंडळात बायकांनी कधी सवाल टाकला नव्हता. पण त्या क्षणी मला ते इतकं सोपं वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. घरात ते गाऊन सुटका करून घेतात. सभेत गाणंच सवाल झालं तर सुटणार कुठे? चार माणसांत, देवासमोर, खरं तेच बोलावं लागेल. ताईंनाही तसंच वाटलं. आम्ही दोघी जणी त्या दिवशी उड्या मारायच्या बाकी होतो.

मंडळाच्या म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या वर्षी तुरेवाल्यांचा शाहीर गावी अडकला होता आणि माघी गणपतीला समोर बाजूच उभी राहत नव्हती. शेवटी ह्यांनीच आमची बाजू घेतली. “येऊ द्या की. माज्या घरात रोजच सवाल होतोय, एक दिवस सभेत हुंदे,” म्हणाले, आणि सगळे हसले. सवाल काय असणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि नियमाप्रमाणे त्यांनी विचारलंही नाही.

तालमीला जागा नव्हती. खारी गावातली आमची घरमालकीण म्हणाली, “माज्या वटीवर या गो. गानी म्हनायला कोन नको बोलनार हाय? भारा मांगत न्हाय मी त्याचा.” म्हणून तिच्या ओटीवर दुपारी जमायचो, पुरुष कामावर आणि पोरं शाळेत असायची तेव्हा. ताईंनी शब्द लिहून आणले नव्हते. त्यांनी सांगितलं, “प्रत्येकीने घरातली एक वस्तू आणा, धुवायला सगळ्यांत जड जाते ती.” एकीने गोधडी आणली, एकीने कढई. बाकी सगळ्यांनी रुमाल आणले. शेजारच्या वहिनींनीही आणला, नवऱ्याचा. धुऊन, घडी घालून ठेवलेला, आणि तरी राखाडी. तो बघून एकेक जण रडायला लागली. मग घरमालकीणच म्हणाली, “रडतांव कशाला? इचारा ना त्यांना.” त्या दुपारी ओळी जमल्या. कुठली कुणाची ते आता सांगता येणार नाही.

*सांगा शाहीर, सांगा सभेला,*
*पांढरा रुमाल गेला कामाला,*
*काळा होऊन का घरी आला?*
*बाहेरचा मळ साबणानं गेला,*
*आतला कोण धुणार, बोला!*

माघी गणपतीच्या दिवशी दुपारी मंडप भरला. शेठलोकांनाही बोलावणं होतं, ते खुर्च्यांवर. ह्यांच्या डोक्याला फेटा, मागे ढोलकी, गोलात सगळे पॉलिशवाले, एका पायात घुंगरू. समोर आम्ही बायका.  तोंड उघडलं तशी भीती गेली, राग तेवढा उरला, आणि माझ्या रागाला आवाज बरा आहे. शेवटची ओळ सगळ्या जणींनी मिळून म्हटली.

 नाचणाऱ्यांचे पाय थांबले. शेजारच्या वहिनी माझा पदर धरून उभ्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं, डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला तेव्हा दिसलं होतं तेच. भीती. मला वाटलं, आता बोलतील. आता हा माणूस खरं बोलेल आणि मी त्याला घरी घेऊन जाईन.

मग त्यांचा हात मांडीवर पडला, ताल धरला, आणि जवाब आला.

*काळ्याला बाई, ठेवू नका नाव,*
*काळ्या कान्ह्यावर भुललं गाव,*
*काळ्या तव्यावर भाकर गोरी,*
*काळ्या हातानं चकाके थाळी,*
*तुमच्या चुलीचा धूर कुठं जातो?*
*त्याचा सवाल कोण कुणाला टाकतो?*

मंडप उसळला. असा जवाब त्या मंडळात कुणी ऐकला नव्हता. तिथल्या तिथे, त्याच चालीत, आणि वर आमचाच सवाल उलटा करून आमच्याच पदरात टाकलेला. माणसं खुर्च्यांवर चढली. पॉलिशवाल्यांनी असे पाय आपटले की घुंगरांशिवाय काही ऐकू येईना. शेठ उठून टाळ्या वाजवत होता. शेवटची ओळ परत घोळवताना ह्यांनी स्वतः म्हटली नव्हती. मागच्यांना खूण करून त्यांच्यावर सोडली होती आणि स्वतः फेटा सावरायच्या निमित्ताने मान खाली घालून श्वास घेत होते. ते मला एकटीला दिसलं. आणि माझ्या शेजारी उभ्या राहून ताईही टाळ्या वाजवत होत्या.

त्यांना भान आलं तेव्हा त्यांनी हात एकदम खाली घेतले. बाहेर आल्यावर त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “काय सुंदर उत्तर होतं हो, वहिनी.”

“सुंदर?” मी म्हटलं. “सुंदर घेऊन काय जाळायचंय?”

आमची चूक मला त्या मंडपात उभी असतानाच कळली होती. सवाल खरा होता, पण ती जागा हारजितीची होती. ज्या माणसाने आयुष्यात कधी आपल्या माणसांवर घुंगरू सोडायची वेळ येऊ दिली नाही, त्याला आम्ही त्याच्या माणसांसमोर, त्याच्याच फेट्यात उभं करून हरायला सांगत होतो.

त्या जवाबाने आमचं होतं तेवढंही घालवलं. गाळ्यात कुणी पंख्याचा शब्द काढला की बाकीचे ‘काळ्याला बाई, ठेवू नका नाव’ म्हणून त्याला हसण्यावारी न्यायचे. पोरंसोरं ते गाणं म्हणायची. शेठने पेढे वाटले. ह्यांनी आणलेला पेढा मी घेतला नाही. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढायचे, रुमाल धुवायचे, पण तोंड उघडायचे नाही. एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला.

“सभेत इचारलंस. सभेत मी हरू?”

“हो. हरा.”

“शाहीर हरायला उभा राहत नाय गो.”

मी म्हटलं, “शेजारच्या वहिनींचा नवरा हरला नाही, तो मेला.” त्यावर त्यांनी गाणं म्हटलं नाही. 

मला वाटलं ताईंचं येणं आता बंद होईल. त्या पुढच्या रविवारी आल्या आणि थेट ह्यांना म्हणाल्या, “शाहीर, मला जाखडी गायला शिकवाल?” मला संताप आला. म्हटलं, ही नाटकवाली शेवटी कलेच्याच मागे लागली. ह्यांना काय, गुरुपण मिळालं. दर रविवारी त्या मीरा रोडहून शेअर रिक्षा करून यायच्या, आमच्या खोलीत बसून गण शिकायच्या, गवळण शिकायच्या, आणि हे खूश असायचे. खोकला वाढलाच होता. शिकवताना मध्येच थांबून पाणी प्यायचे आणि ‘हितं थांबायचं असतं’ असं शिष्यिणीला सांगायचे. तिथे कुणी थांबत नसतं हे मला ठाऊक होतं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. ताई म्हणाल्या, आता मला तुमचा तो जवाब शिकवा. ह्यांनी एकेक ओळ सांगितली. शेवटच्या दोन ओळींशी ताई अडल्या. “इथे श्वास कुठे घ्यायचा?”

“घ्यायचा नाय. धूर कुठं जातो, कोण टाकतो, सगळं एका दमात. मंग लोकांचा श्वास आडतो.”

ताईंनी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा तुटलं. पुन्हा म्हटलं आणि या खेपेला दोन्ही ओळी एका दमात, सुरात, शेवटापर्यंत गेल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. हे म्हणाले, “बराबर. पन ‘धूर’वर जोर पायजे. असा.” आणि म्हणायला गेले. पहिली ओळ संपायच्या आधीच दम सुटला. हसून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच सुटला. मग त्यांनी डोळे मिटून, कानाला हात लावून, सगळी छाती भरून सुरुवात केली, आणि जो खोकला आला तो थांबेना. ताई उठून त्यांची पाठ चोळायला लागल्या. मी स्टोव्हपाशी होते. मला तिथून हलवेना.

खोकला थांबल्यावर ते कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसले. ताई गेल्यावर मला म्हणाले, “माज्या गान्याला माजाच दम पुरत नाय.” साध्या बोलण्यात सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं, आणि ते ऐकून मी ओंजळीत तोंड झाकून रडले.

मी ताईंना नंतर विचारलं होतं, ठरवून केलंत का? त्या म्हणाल्या, “नाही वहिनी. मला खरंच शिकायचं होतं. एवढं चांगलं गाणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते.

पुढचा माघ आला. पहिला सवाल टाकायचा मान ह्यांचा होता. तोवर त्यांना मंडपापर्यंत चालतानाही मध्ये टेकावं लागत होतं. मोटारीवरून शेठने त्यांना आधीच काढलं होतं, हात मंद झाला म्हणून. तुरेवाले त्या वर्षी समोर होते, पण ह्यांनी मंडळाला सांगून बायकांना बसायला जागा ठेवायला लावली होती. का, ते मलाही सांगितलं नव्हतं.

ते मध्ये आले. ढोलकी थांबवायला सांगितली. डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि बोलायला लागले. सभेत त्यांना न गाता बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

“मागल्या माघाला मी जवाब दिला, तो सभा जिकायला दिला. तो खोटा हाय. मी तो परत घेतो. बायांचा सवाल हाय तसाच हुबा हाय.”

एवढं बोलून ते चालत आमच्याकडे आले आणि बायकांच्या रांगेत, शेजारच्या वहिनींच्या बाजूला, खाली बसले. शक्तीच्या म्हाताऱ्यांमधून कुणीतरी ओरडलं, फेटा परत दे म्हणून. ह्यांनी तो शांतपणे पुढे केला. पुढे त्या लोकांनी आमच्याकडचं जाणंयेणं तोडलं, ह्यांच्या आजारात त्यांच्यातलं कुणी विचारपूस करायलाही आलं नाही. एवढी किंमत त्या फेट्याला होती.

मी उभी राहिले आणि तोच सवाल पुन्हा म्हटला.

शक्तीच्या बाजूला आता ह्यांचा कामावरचा जोडीदार गात होता. चांगला गळा होता त्याचा. तो जुना जवाब त्याला पाठ होता. मंडपातल्या सगळ्यांनाच पाठ होता, शेठलासुद्धा. त्याने नुसतं तोंड उघडलं असतं तरी मंडप मागे धावला असता. त्याने ढोलकीवाल्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची छाती वरखाली होत होती, दुरूनही दिसत होती. जोडीदार म्हणाला, “जवाब नाय.”

मग गोलातला एक जण खाली बसला आणि पायातले घुंगरू सोडायला लागला. त्याच्यामागून दुसरा. पुरुषमाणसं, एकेक करून, मान खाली घालून, दोऱ्यांच्या गाठी सोडत बसली होती. त्यात हसणारं कुणी नव्हतं. मी जिंकले होते. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

त्यानंतरच्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या गाळ्यांत मोटारी चालू झाल्या नाहीत. पंखे बसेपर्यंत काम नाही, असं सांगून माणसं दाराशी बसून राहिली. ताईंनी त्याच डॉक्टरीणबाईंना आणलं, त्यांनी गल्लीतच सगळ्यांना समजावून सांगितलं. आठवडाभर ओढाताण चालली, दोघातिघांनी हातपाय गाळले, एकाला काढून टाकलं तो कायमचाच. पण पंखे बसले. सगळीकडे नाही. आमच्या गल्लीत बसले, पलीकडच्या गल्लीत अजून माणसं त्याच धुळीत उभी होती, आणि ताई आणि आम्ही चार-पाच बायका तिथल्या चाळींमध्ये जायला लागलो. तिथे जाखडी नव्हती, माणसं उत्तरेकडची होती, आणि ताईंना सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. त्या शिकल्या.

ह्यांना पंख्यांचा काही उपयोग झाला नाही. बसलेली निघत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पुढच्या गणपतीच्या आधी ते गेले. शेवटी शेवटी बोलणंही खुणेने चालायचं. मी प्रश्न विचारायचं सोडून दिलं होतं, उत्तराचा त्रास नको म्हणून.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मंडळातल्या एकाने मला एक कॅसेट आणून दिली. पहिल्या वर्षी त्याने टेपरेकॉर्डर नेला होता मंडपात. ह्यांच्या आवाजाची तेवढीच एक खूण जगात आहे. बाकी कुणी कधी काही भरून ठेवलं नव्हतं, आणि दुसऱ्या वर्षी तर ते गायलेच नाहीत. म्हणजे मला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा असेल तर तो खोटा जवाबच ऐकावा लागतो. बायकांचा सवाल त्या माणसाने भरलाच नव्हता. बायका काय म्हणणार म्हणून त्याने शाहीर गायला लागल्यावर बटण दाबलं. कॅसेट ‘काळ्याला बाई’पासूनच सुरू होते, विचारलेलं काही नाहीच.

म्हणून घरात कुणी नसलं की मी आधी माझा सवाल म्हणते आणि मग बटण दाबते. आवाज येतो, खणखणीत, तरुण. आणि इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी बटण दाबताना मला वाटतं, या खेपेला तरी त्यांना काही सुचू नये.